फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र : ‘लग्न झालंय का?’ एवढ्याने भागत नाही

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व फॅमिली डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ व सर्जन,
आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या महाराष्ट्र शाखेचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी समलिंगी पुरुष आहे आणि पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतो. सरकारकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आम्ही मागतच असतो. पण आमच्यातला कुणी आजारी पडला, की तो सरकारकडे जात नाही. तो आधी तुमच्याकडे येतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

असे पेशंट आपल्याकडे येत नाहीत, असे तुमच्यापैकी अनेकांना वाटते. येतात, रोज येतात. बाकावर बसलेला, दोन मुलांचा बाप असलेला, तुम्ही ‘गुरुजी’ म्हणता तो शिक्षक त्यातला असू शकतो. ज्याच्या आईला तुम्ही वहिनी म्हणता तो कॉलेजातला मुलगा असू शकतो. ते तुम्हाला सांगत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारत नाही. विचारला जातो तो एकच प्रश्न : ‘लग्न झालंय का?’ नाही म्हटले, की याला तसला धोका नाही असे धरले जाते. हो म्हटले, की घरी बायको आहे, विषय संपला. दोन्ही उत्तरांतून एचआयव्हीबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही, आणि पेशंटला मात्र एवढे नक्की कळते की इथे खरे बोलायची सोय नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाबद्दल सांगतो. ओळख पटेल असे काही सांगणार नाही. शौचाच्या जागी दुखायचे, कधी रक्त, कधी चिकट पू. तो डॉक्टर बदलत राहिला. सगळ्यांनी मूळव्याध धरली. मलम दिले, पोट साफ होण्याची पावडर दिली, कोमट पाण्यात बसायला सांगितले. एकाने ऑपरेशनची तारीखही दिली. दुखणे कशामुळे असेल, कुणाशी संबंध आला होता का, हे एकानेही विचारले नाही. शेवटी तो आमच्या ओळखीने सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये गेला, रक्ताची आरपीआर तपासणी झाली आणि गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. वेळेत पकडलेल्या गरमीला पेनिसिलिनचे चोवीस लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते. पण मधल्या महिन्यांत ती जखम उघडी होती, आणि उघड्या जखमेतून एचआयव्हीला आत शिरणे सोपे असते. त्याच दिवशी केलेली एचआयव्ही तपासणीही पॉझिटिव्ह आली.

त्या डॉक्टरांपैकी कुणी वाईट माणूस नव्हता. एकाने तर त्याच्याकडून फी घेतली नव्हती. त्यांना ‘तिथली’ गरमी आणि ‘तिथला’ परमा, म्हणजे गोनोरिया, असतो, हे कुणी शिकवलेच नव्हते. शिकवणार तरी कोण? २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने न्यायवैद्यकाचा जो सुधारित अभ्यासक्रम काढला, त्यात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत गेले होते. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून आम्हाला मोकळे केले, त्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. एमबीबीएसचे विद्यार्थी असे काही वाचून बाहेर पडणार असतील, तर समोर बसलेल्या पेशंटशी ते काय बोलणार?

आता आकडे. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सव्वातीन टक्क्यांच्या आसपास आले. पंधरा पटींहून जास्त. आणि एचआयव्हीसह जगणारी सर्वांत जास्त माणसे आपल्याच राज्यात आहेत, चार लाखांच्या घरात.

हे प्रमाण इतके का, याचे उत्तर चारित्र्यात शोधू नका, शरीरात शोधा. गुदाशयाचे अस्तर पातळ असते, लगेच खरचटते, आणि विषाणूला हव्या त्या पेशी तिथे भरपूर असतात. उपचार न घेणाऱ्या पॉझिटिव्ह जोडीदाराशी कंडोमविना गुदसंभोग झाला, तर आत घेणाऱ्या जोडीदाराला एका वेळी लागण होण्याची शक्यता दहा हजारांत १३८ धरली जाते. योनीमार्गे संबंधात स्त्रीला हीच शक्यता दहा हजारांत आठ. शिवाय लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड वाढलेला असतो, आणि नेमके तेव्हाच माणसाला आपल्याला काही झाले आहे याचा पत्ता नसतो. ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ. पावसाळ्यात असा तरुण आला की तुम्ही डेंग्यू आणि मलेरिया तपासता, ते बरोबरच आहे. पण दोन्ही निगेटिव्ह आल्यावर ‘व्हायरल आहे’ म्हणून त्याला घरी पाठवण्याआधी एक प्रश्न राहतो. अँटिबॉडीची साधी तपासणी त्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करायची असते, हेही त्याला तुम्हीच सांगू शकता.

प्रश्न कसा विचारायचा, याबद्दल थोडे. तुमच्यातले काही डॉक्टर मला म्हणाले आहेत, ‘विचारायला हरकत नाही, पण पेशंटचा अपमान होईल.’ माझा अनुभव वेगळा आहे. तंबाखू खाता का, हे ज्या आवाजात विचारता त्याच आवाजात विचारा : ‘गेल्या सहा महिन्यांत कुणाशी शरीरसंबंध आला का? बाईशी, पुरुषाशी, की दोघांशी? कंडोम होता का?’ बस्स. ‘तू गे आहेस का?’ असे विचारू नका. पंढरपूरचा किंवा परतूरचा लग्न झालेला माणूस स्वतःला गे म्हणवत नाही. तो मस्ती म्हणतो, दोस्ती म्हणतो, बऱ्याचदा काहीच म्हणत नाही. त्याने काय केले ते विचारा, तो कोण आहे हे त्याचे त्याला ठरवू द्या.

आणि विचारताना सोबतच्या माणसाला बाहेर बसवा. आपल्याकडे भाऊ, मेहुणा, वडील पेशंटच्या खुर्चीला खेटून उभे असतात. तालुक्याच्या गावात तपासणीची खोली म्हणजे प्लायवूडची आडभिंत असते आणि पलीकडच्या बाकावर अख्खी गल्ली बसलेली असते. ‘जरा बाहेर थांबा, मला तपासायचंय’ एवढे म्हणायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. डॉक्टरचा शब्द आपल्या समाजात अजून चालतो. तो आमच्यासाठी वापरा.

लग्न झालेल्या पुरुषांबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे दोन जीव टांगणीला असतात. महाराष्ट्रात समलिंगी किंवा उभयलिंगी असलेल्या कितीतरी पुरुषांची लग्ने घरच्यांनी करून दिलेली आहेत. पुढे बायको गरोदर राहते, ग्रामीण रुग्णालयात तिची तपासणी होते आणि घरातला एचआयव्ही आधी तिच्या रक्तात सापडतो. पहिला रिपोर्ट तिचा, म्हणून बोटही तिच्याकडेच. सासूने ‘हिनेच माहेराहून आणला’ म्हटलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि नवरा शेजारी मान खाली घालून उभा होता. त्या नवऱ्याला त्याआधी कुण्या डॉक्टरने एकांतात विचारले असते, तर तो एक-दोन भेटींनंतर बोलला असता, असे मी खात्रीने म्हणतो. अशी माणसे बोलण्यासाठी कासावीस झालेली असतात.

बोलला, की पुढे तुमच्या हातात काय आहे? खूप काही आहे. मी कामाला लागलो तेव्हा आमच्याकडे कंडोम आणि भीती एवढेच होते.

कंडोम आजही लागतोच. गरमी, परमा यांच्याविरुद्ध तोच उपयोगी पडतो. पण कंडोम दिल्यावर वंगणाबद्दलही बोला. खोबरेल तेल आणि व्हॅसलिन लॅटेक्सला काही मिनिटांत कमकुवत करतात. गावाकडे घरात असते ते खोबरेल. मुले ते वापरतात, कंडोम फाटतो, आणि मग ‘कंडोमचा काही उपयोग नाही’ असे एकमेकांना सांगतात. पाण्यात विरघळणारी जेल मेडिकलमध्ये मिळते, पण काउंटरवर उभे राहून ती मागायची हिंमत होत नाही. तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेली असली, तर औषध म्हणून मागता येते.

दुसरी गोष्ट प्रेप. लागण होण्याआधी घ्यायची गोळी. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. २०१० मध्ये आयप्रेक्स या अभ्यासाचे निष्कर्ष आले. २,४९९ जणांच्या त्या अभ्यासात लागण एकंदरीत ४४ टक्क्यांनी घटली, आणि ज्यांच्या रक्तात औषध सापडले, म्हणजे जे खरोखर गोळी घेत होते, त्यांच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून मोठा धोका असलेल्या सगळ्यांसाठी ती सुचवली आहे. आपल्या नॅकोनेही, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ही गोळी आपल्याच देशातल्या कंपन्या बनवतात. २००१ मध्ये एचआयव्हीची औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ म्हणून साऱ्या जगाला हलवणारी सिप्ला आपल्या मुंबईचीच.

आणि तरीही ती गोळी जळगावच्या किंवा लातूरच्या मुलापर्यंत पोचत नाही. सरकारी कार्यक्रमातून ती सगळीकडे मोफत मिळत नाही, हे एक कारण. महिन्याला दोन हजारांच्या आसपास खर्च येतो, हे दुसरे. पण ज्याला परवडते त्यालाही ती मिळत नाही, कारण चिठ्ठी लिहायला कुणी तयार नसते. एका डॉक्टरने एका मुलाला माझ्यासमोर विचारले, ‘एचआयव्ही नाहीये ना? मग एचआयव्हीचं औषध कशाला?’ प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून प्रामाणिक उत्तर देतो. मलेरियाच्या भागात जाणाऱ्या माणसाला तुम्ही आधी गोळ्या देता, तसेच हे आहे.

सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री करायची. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी तपासायचा. नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि गुप्तरोगांची तपासणी. रोज एक गोळी घेता येते. ज्या पुरुषांचे संबंध क्वचित आणि ठरवून असतात, त्यांच्यासाठी प्रसंगापुरती पद्धतही आहे : संबंधाच्या दोन ते चोवीस तास आधी दोन गोळ्या, मग पहिल्या डोसपासून चोवीस तासांनी एक, अठ्ठेचाळीस तासांनी एक. जुना हिपॅटायटिस बी असेल, तर ही दुसरी पद्धत नको. साखरेचा पेशंट सांभाळणाऱ्या डॉक्टरला यात अवघड काय आहे? पण तुम्ही लिहून देत नाही, म्हणून मुले ऑनलाइन मागवतात, मित्राच्या डब्यातली घेतात, तपासणी न करता सुरू करतात. आधीच लागण झालेल्या माणसाने ही दोन औषधे एकटी घेतली, तर विषाणू त्यांना दाद देईनासा होऊ शकतो. धोका तिथे आहे, आणि तो तुमच्या नकारातून तयार होतो.

‘गोळी दिली तर हे लोक मोकाट सुटतील’ असेही ऐकतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६ मध्ये धोका असलेल्या समलिंगी पुरुषांना ही गोळी झपाट्याने वाटायला सुरुवात केली. ३,७०० जणांची भरती पूर्ण झाल्यानंतरच्या वर्षात राज्यातल्या समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांमधल्या नव्या निदानांची संख्या २९५ वरून २२१ वर आली. एक चतुर्थांश घट, आणि ती गोळी न घेणाऱ्यांना धरून. गरमी आणि परमा गोळीने थांबत नाहीत, हे खरे. म्हणूनच तर दर तीन महिन्यांची तपासणी. एरवी जो मुलगा कुठल्याच डॉक्टरला तोंड दाखवत नाही, तो वर्षातून चार वेळा तुमच्यासमोर येऊन बसणार. याहून चांगली संधी तुम्हाला कधी मिळणार?

आता पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर घ्यायचे औषध. या मुद्द्यावर मी तुम्हाला हात जोडून सांगतो, कारण इथे तास मोजावे लागतात. कंडोम फाटला, किंवा नव्हताच, किंवा जबरदस्ती झाली. बहात्तर तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवे, जितके लवकर तितके चांगले, आणि अठ्ठावीस दिवस घ्यायला हवे. शनिवारी रात्री घडलेली गोष्ट मुलगा सोमवारी संध्याकाळी, धीर गोळा करून, तुम्हाला सांगतो. त्याच्याकडे एक दिवस उरलेला असतो. आणि त्याला काय ऐकायला मिळते? ‘तीन महिन्यांनी ये, टेस्ट करू.’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे, की आता राग येण्यापलीकडे गेलो आहे. तीन महिन्यांनी फक्त निकाल कळतो. थांबवायची वेळ त्या सोमवारी असते. सरकारी रुग्णालयांत ही औषधे असतात, पण तिथे ती मुख्यतः सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्याचारपीडितांसाठी म्हणून ठेवलेली असतात. संमतीने झालेल्या संबंधानंतर आलेल्या मुलाला या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरावे लागते. तुम्ही फोन करून, दोन ओळी लिहून पाठवले, तर तो फिरणार नाही. औषध बाजारातही मिळते, तुमच्या चिठ्ठीवर ते त्याच संध्याकाळी सुरू होऊ शकते.

जे आधीच पॉझिटिव्ह आहेत, त्यांना अजूनही ‘आता संबंध बंद’ असे सांगितले जाते. असे सांगू नका. जो नियमित औषध घेतो आणि ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पार्टनर-२ अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांची गणती झाली. एक जोडीदार औषधावर, दुसरा निगेटिव्ह. कंडोमविना ७६ हजारांहून जास्त वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. ही माहिती पॉझिटिव्ह मुलाला पहिल्याच भेटीत मिळाली, तर तो औषध सोडत नाही. माझ्यासमोर बसलेल्या एका माणसाला मी हे सांगितले तेव्हा तो रडला. त्याने आपल्या जोडीदाराला हात लावणेच बंद केले होते.

शहरांत आणखी एक गोष्ट वाढते आहे. ॲपवर ‘हाय फन’ म्हणून जे चालते, त्यात एमडी नावाची नशा असते, रात्रभर जागरण असते, आणि कंडोम, गोळी, वेळ कशाचेच भान राहत नाही. कधी सुईही असते. झोप उडालेला, वजन उतरलेला, घाबरलेला तरुण आला तर पोलिसांचे नाव काढू नका. आधी त्याला बसवा.

गुप्तता तुमच्या मर्जीवर सोडलेली नाही. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करायची नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, पॉझिटिव्ह म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. तरीही ऑपरेशनआधी न विचारता टेस्ट होते, आणि रिपोर्ट वडिलांच्या हातात जातो, ‘घरचेच आहेत’ म्हणून. एका मुलाला त्या संध्याकाळी घर सोडावे लागले. तो अजून परतलेला नाही. आणि कुणाचे आईवडील मुलाला ‘बरा करा’ म्हणून घेऊन आले, तर असे उपचार हे वैद्यकीय गैरवर्तन ठरते, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलेले आहे. आईवडिलांना तेवढेच सांगा.

पुढे आणखी चांगले दिवस येऊ शकतात. लेनाकापाव्हिर नावाचे इंजेक्शन लागण टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यायचे असते. पुरुष आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींमधल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१७९ जणांपैकी फक्त दोघांना लागण झाली. ते बनवण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यात पुण्याची एमक्युअर आहे. पण तुमच्या खोलीत प्रश्नच विचारला गेला नाही, तर हे इंजेक्शनही गोळीसारखेच मधेच अडकेल.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांना माझी मागणी नेमकी आहे. नोंदणी टिकवण्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे पाच वर्षांत पुढील वैद्यकीय शिक्षणाचे तीस क्रेडिट तास भरावे लागतात. त्यातले दोन तास या विषयाला द्या : लैंगिक इतिहास कसा घ्यायचा, गुदाशयातले गुप्तरोग, प्रेप, पेप. प्रत्येक जिल्हा शाखेत एकदा घ्या, आणि बोलायला आमच्यातल्या एखाद्याला बोलवा. आम्ही येऊ, मानधन नको.

आणि तुम्हा डॉक्टरांना एवढेच : या आठवड्यात तुमच्या जिल्ह्याच्या एआरटी केंद्राला, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्राला, एक फोन करा. पेप रात्री आणि रविवारी कुठे मिळते, कुणाशी बोलायचे, हे विचारून घ्या आणि तो नंबर टेबलाच्या काचेखाली ठेवा. शेजारी १०९७ ही मोफत हेल्पलाइनही लिहा.

आपला,
एक समुपदेशक